दोघं कमी करा

धाकटीला धाकटी म्हणण्याइतकं मोठं माणूस आता घरात उरलेलं नाही, पण बाजारात तिची ओळख अजून तीच. तिजोरी असो, छापखान्याचं यंत्र असो, नाहीतर कुणाचं आजोबांच्या वेळचं भलंमोठं कपाट असो. ते हलवताना बाकीच्यांनी हात टेकले की लोक म्हणतात, धाकटीला बोलवा. तिच्याकडे नव्यानं लागलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट खटकते. ही टोळी काम करताना ओरडत नाही. तो बिचारा सवयीनं कपाटाला हात घालतो, छाती भरून ‘हैय्या’ करतो, आणि सगळे त्याच्याकडे असे बघतात, जणू भर वर्गात कुणीतरी शीळ घातली.

पूर्वी असं नव्हतं. टोळी तेव्हा तिच्या वडिलांची, अप्पांची होती आणि कामाचा आवाज चार गल्ल्या पलीकडे ऐकू जायचा. अप्पा मनाचे मोठे, तोंडानं फटकळ, आणि कुठल्याही अडचणीवर त्यांच्याकडे एकच औषध असायचं. सामान जड आहे? आणखी दोघं घाला. जिना अरुंद आहे? आणखी दोघं घाला. जिन्यात माणसांचीच गर्दी होऊन सामानाला जागा उरायची नाही, तरी अप्पा खालून सांगत असायचे की अजून एकानं खांदा द्या.

धाकटी ट्रक चालवायची. बाईनं ट्रक चालवलेला टोळीला चालत होता, सामानाला हात लावलेला मात्र चालत नव्हता. का, ते कुणाला विचारायची सोय नव्हती. त्यामुळे ती केबिनमध्ये बसून बघत राहायची, आणि वर्षानुवर्षं बसून बघणाऱ्या माणसाला बरंच काही दिसतं. तिला दिसलं की ज्याचा आवाज चढलेला असतो त्याच्या मानेच्या शिरा फुगतात खऱ्या, पण दंडाच्या नाहीत.

अशांतला बिनीचा शिलेदार म्हणजे दाजी, तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. पण आवाज असा की पाठीमागं सगळे त्याला भोंगा म्हणायचे. दाजी ओरडले की अप्पा खूश व्हायचे आणि म्हणायचे, बघा, जावईबापू एकटे चौघांचं काम करतात. उलट टोळीत एक अबोल माणूस होता. तो ओठ घट्ट मिटून उचलायचा, म्हणून त्याचं नाव मुका पडलं आणि तो अंग चोरतो असंही सगळ्यांचं ठरून गेलं. ठरवलं कुणी? कुणीच नाही. एकानं म्हटलं, दुसऱ्यानं मान डोलावली, तिसऱ्याला वाटलं या दोघांनी पाहिलं असणार.

एका दुपारी काचेचं मोठं कपाट जिन्यावरून उतरवताना सुटलं आणि खाली उभ्या असलेल्या अप्पांच्या कमरेवर आलं. कपाटाला तेव्हा आठ माणसांचे हात होते. आठांपैकी प्रत्येकानं छातीवर हात ठेवून सांगितलं की मी धरलं होतं, आणि गंमत म्हणजे त्यातलं कुणी खोटं बोलत नव्हतं. हात प्रत्येकाचा कपाटावर होताच. शेवटी खापर मुक्यावर फुटलं, कारण त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

अप्पा घरी आले ते माडीवरच्या पलंगावर पडले आणि तिथंच राहिले. डॉक्टरांनी बसायची परवानगी दिली, जिन्याची नाही. टोळीचं आता काय, हा प्रश्न घरात उभा राहिला, म्हणजे तसा उभाच राहिला नाही, कारण दाजी आहेत असं सगळे धरूनच चालले होते. धाकटी एका संध्याकाळी अप्पांना औषध द्यायला गेली आणि म्हणाली की टोळी मी चालवीन. अप्पा हसले. मग तिचं तोंड बघून हसायचे थांबले. गावातल्या संगीत शाळेचा पियानो तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर चढवायचं काम नुकतंच आलं होतं. अप्पांनी त्यावरच पैज लावली. पियानो धड वर गेला तर टोळी तिची. ओरखडा जरी आला तरी टोळी दाजींची, आणि तिनं ट्रकसुद्धा सोडायचा.

ट्रक चालवण्यावर तिचा जीव होता. कुणाचा तरी अख्खा संसार पाठीशी घेऊन सकाळी रस्त्याला लागणं याहून मोठं सुख तिला ठाऊक नव्हतं. तरी ती बरं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं भंगारवाल्याकडून त्याचा मोठा ताणकाटा मागून आणला, हुकाला जोर लावला की काटा फिरून किती जोर लागला ते दाखवणारा. अंगणातल्या खांबाला तो बांधला, त्याला दोर लावला आणि म्हणाली, ओढा. एकेकानं ओढलं. बाकीचे बघत असल्यामुळे प्रत्येकानं जीव काढून ओढलं. मग तिनं तिघातिघांना मिळून ओढायला लावलं. आरोळ्यांनी शेजारचे लोक खिडकीत आले, पण काटा जेमतेम दोघांच्या जोराला जाऊन थांबला. तिघातला एक माणूस कुठं हरवला ते कुणालाच सांगता येईना. मग जो गोंधळ झाला तो बघण्यासारखा होता. प्रत्येकाची खात्री होती की आपण पूर्ण जोर लावला आणि शेजारच्यानं टांग दिली. काटा बिघडलाय असंही दाजींनी जाहीर केलं. धाकटीनं वाद घातला नाही. तिनं परत एकेकाला ओढायला लावलं आणि काटा पुन्हा ज्याच्या त्याच्या आधीच्या आकड्यावर आला.

पुढं खूप वर्षांनी एका प्राध्यापिकेचं घर हलवताना तिनं ही गोष्ट सांगितली, तेव्हा बाईंनी पुस्तकांच्या खोक्यावर बसकण मारली आणि सांगितलं की समाजात माणसाचं मन कसं चालतं हाच आमचा विषय, आणि तुम्ही म्हणता त्याला आम्ही सामाजिक आळस म्हणतो. माणसं घोळक्यात आली की थोडी थोडी सुटतात, आणि आपण सुटलोय हे त्यांचं त्यांनाच कळत नाही. धाकटीला फार बरं वाटलं. म्हणजे आमचीच टोळी नव्हती तर, असं ती म्हणाली.

पण तेव्हा तिच्या हाताशी विषय नव्हता, समोर पियानो होता. संगीत शाळेच्या जिन्यापाशी टोळी जमली आणि तिनं सांगितलं, पियानोला आठ नाहीत, सहाच लागायचे. दोघं कमी. एकानं पुढं जाऊन दारं उघडायची, दुसऱ्यानं दर पायरीला मागून लाकडी ठोकळा लावायचा. अप्पांच्या टोळीत माणूस कमी करून ओझं हलकं होतं असं कुणी स्वप्नातही म्हटलं नसतं. शाळेच्या मुख्याध्यापकांनी घाम पुसला. दाजींना वाटलं कमी होणारा पहिला आपणच, आणि ते जायला वळलेही. तिनं त्यांना थांबवलं आणि मागची डावी बाजू दिली, चढताना सगळ्यांत जास्त भार येतो ती. मागची उजवी मुक्याला दिली. मग तिनं नियम सांगितला. ओरडायचं कुणीच नाही. दर पायरीला ती एकेक बाजू पुकारणार, आणि ज्याची बाजू त्यानं, भार अंगावर आला असेल तरच, ‘आहे’ म्हणायचं.

खांद्यावरच्या पट्ट्यांनी पियानो उचलला गेला तेव्हा जिन्यात इतकी शांतता होती की सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. पुढचा उजवा? आहे. पुढचा डावा? आहे. मधले दोघं आहेत, मागचा उजवा आहे, डावाही आहे. पहिला मजला असाच गेला, दुसराही. टोळीला आपलं ओझं आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं आणि ते फार काही सुखाचं नव्हतं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पियानो कलला आणि सगळा भार मागं आला.

‘‘मागचा डावा?’’ धाकटीनं विचारलं.

उत्तर आलं नाही.

तिनं पुन्हा विचारलं नाही. टेकवा, एवढंच म्हणाली. ठोकळे लागले, पियानो पायरीवर टेकला. मुक्याचा चेहरा लालबुंद झाला होता. दाजींचे हात पट्ट्यावर होते, चेहरा मात्र पांढरा पडला होता. इथं धाकटी काहीही बोलू शकली असती. इतक्या वर्षांचा हिशोब चुकता करायला याहून चांगली जागा नव्हती, आणि तिच्या जिभेवर शब्द आलेही होते. पण तिला तिसरा मजला हवा होता.

दाजीच बोलले, इतकं हळू की पुढच्या दोघांना ऐकूही गेलं नाही. ‘‘मला वाटलं, मुका घेतोय.’’

‘‘घेतच होता, दाजी,’’ ती म्हणाली. ‘‘तुमचाही भार तोच.’’

दाजींनी मुक्याकडे पाहिलं. पट्टा खांद्यावरून काढला, नीट बसवला, पाय रोवले. पुन्हा सगळ्या बाजू पुकारल्या गेल्या. मागचा डावा म्हटल्यावर घशातून ओढून काढल्यासारखा ‘आहे’ आला, आणि पियानो असा वर गेला की खालच्या पायरीवरचा ठोकळेवाला मागंच राहिला. तिसऱ्या मजल्यावर तो जागेवर बसला. मुख्याध्यापकांनी चारही बाजूंनी वाकून, हात फिरवून पाहिलं, ओरखडा नव्हता. टोळीतली दांडगी माणसं एकमेकांचे खांदे चोळत पोरांसारखी हसत सुटली. धाकटी एका बाकावर बसली आणि तिला रडू फुटलं, आणि तिनं ते कुणापासून लपवलं नाही.

घरी अप्पांना बातमी आधीच पोचली होती, पण सहाच माणसांनी तो चढवला यावर त्यांचा विश्वास बसेना. टोळी माडीवर उभी राहिली. अप्पा एकेकाकडे बघत होते, आणि त्यांच्या मनात काय चाललंय ते धाकटीला कळलं. याच माणसांच्या हातून कपाट त्यांच्यावर पडलं होतं. तेव्हापासून जिन्याचं नाव काढलं तरी त्यांचे हात पलंगाची कड धरायचे.

‘‘मला खाली घेऊन चला,’’ अप्पा म्हणाले.

धाकटीनं खुर्ची मागवली आणि चौघांना बोलावलं. दाजी न सांगता उतरत्या बाजूला जाऊन उभे राहिले, जिथं भार जास्त. मुका त्यांच्या शेजारी. अप्पांनी डोळे मिटले. ती एकेक बाजू पुकारत उतरू लागली आणि एकेक ‘आहे’ येत गेला, दाजींचा तर तिनं विचारायच्या आत. अप्पांची बोटं खुर्चीच्या दांड्यांवर आवळलेली होती; निम्म्या जिन्यात ती सुटली आणि मांडीवर येऊन पडली.

अंगणात खुर्ची टेकली तरी अप्पांचे डोळे मिटलेलेच होते. ‘‘थांबलात का?’’ त्यांनी विचारलं.

‘‘पोचलो, अप्पा.’’

त्यांनी डोळे उघडले. समोर ट्रक होता, डोक्यावर आभाळ होतं, कितीतरी दिवसांनी. म्हाताऱ्यानं ओठ चावत गालांवरून पाणी वाहू दिलं. मग नाक पुसून त्यांनी टोळीकडे मान वळवली.

‘‘उद्या सकाळी वेळेवर या,’’ अप्पा म्हणाले. ‘‘धाकटी कुणासाठी थांबायची नाही.’’