जनीमावशीची मे महिन्यातली खिचडी

माझ्या आईने जिला चोर ठरवलं, ती जनीमावशी आज सकाळी गेली.

कळव्यात आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत उसळ मिळायची. ती शिजवायची जनीमावशी. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. तिने हाक मारली की अख्खं मैदान पळत सुटायचं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाबांच्या कंपनीत लॉकआउट झालेला. चाळीतल्या निम्म्या घरांत तेच.

त्यात मे महिना आला. शाळा बंद, उसळ बंद.

मावशी थेट हेडमास्तरांसमोर उभी राहिली.
"पोरांना सुट्टी दिलीत गुरुजी. पोटाला कोन देनार?"

परमिशन मिळाली. चाळीच्या महिला मंडळाने डाळ-तांदूळ जमवले. शाळेच्या व्हरांड्यात रोज दुपारी गरम खिचडी. मावशी फुकट राबायची.

मी ताट घेऊन मागेच घुटमळायचे.
"लाजू नको गो बाय. खा."

मग मला टायफॉइड झाला. मावशी रोज उरलेली खिचडी मऊ करून, डब्यात भरून आमच्या घरी आणायची. माझ्यासाठी आणि धाकट्या भावासाठी.

शेजारी कोणी बघत नाही ना, हे पाहून आई डबा आत घ्यायची.

जूनमध्ये कंपनी सुरू झाली. घरात पगार आला.

आणि मंडळात कोणीतरी विचारलं, तांदूळ एवढ्या लवकर कसा संपला?
"जनी रोज डबा भरून न्यायची. आम्ही पाहिलंय."

शाळेला द्यायचा तक्रार अर्ज सह्यांसाठी दारोदार फिरला. आमच्याकडेही आला. आईने माझ्याच पेनने सही केली.

"आई, तो डबा तर आपल्याकडे यायचा ना?"
"तू गप्प बस. चार लोकांत राहायचंय आपल्याला."

मावशीचं शाळेतलं काम गेलं.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या दारात.
"वहिनी, तुमची पन सही हाय म्हनं."
आई म्हणाली, "सगळ्यांनीच केली. मी एकटी कशी नाही म्हणणार?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं.
"पोर बरी झाली ना? मंग झालं."
आणि गेली.

पुढच्या मे महिन्यात चूल पेटली नाही. ज्यांच्या कंपन्या उघडल्याच नाहीत, अशी घरंही होती चाळीत. त्यांच्या पोरांनी काय खाल्लं, कोणी विचारलं नाही.

मी पण गप्पच राहिले. दहा वर्षांची होते, हे एक्स्क्यूज खूप वर्षं वापरलं.

पण कॉलेजला जाताना ती स्टेशनबाहेर सुका जवळा विकताना दिसायची. तेव्हा मी वीस वर्षांची होते.
आणि मी रस्ता बदलायचे.

आज आईला फोन करून सांगितलं, जनीमावशी गेली.
"कोण जनी?"

आईला चाळीतल्या प्रत्येकाच्या लग्नाची तारीख पाठ आहे.

मावशी, तू चोर नव्हतीस. ती खिचडी आम्ही खाल्लेली.
मी. माझा भाऊ.
आणि उरलीच तर, आमच्याकडे पाठ करून, आईसुद्धा.

हे तेव्हा बोलायला हवं होतं.

सुखाने जा, मावशी.