समोरच्या दुकानातली कपबशी

सुलभाताई गेली हे कळलं, तेव्हा मी फोनवर एका कारखानदाराशी तांब्याच्या हंड्यांचा भाव पाडत होतो. आवाज चढलेला होता. तेवढ्यात बायको दुकानात येऊन म्हणाली, "अहो, सुलभाताई गेल्या. झोपेतच." मी फोनवर "तुम्ही म्हणाल तो भाव" एवढंच बोललो आणि ठेवून दिला. तो कारखानदार अजून चकित आहे म्हणे…

सुलभाताई म्हणजे पंचवटीतल्या आमच्या शेजाऱ्यांची थोरली मुलगी. मी हातगाडीवर भांडी विकत होतो तेव्हा ती मुंबईला कॅन्सरवर संशोधन करायला गेली. निवृत्त होऊन नाशिकला परतली, तोवर रविवार कारंज्यावर माझं स्वतःचं दुकान झालं होतं. अन्ननलिका हा तिचा आयुष्यभराचा विषय. त्या वीतभर नळीत एवढं काय बघायचं, असं मी चिडवायचो.

दुपारी ती दुकानात येऊन बसायची. मी स्टीलच्या पेल्यातून उकळता चहा प्यायचो, पेला रुमालात धरून, जवळजवळ एका दमात. त्याचा मला तोरा होता. एकदा ती म्हणाली, "हाताला सोसत नाही म्हणून रुमाल घेतोस दामू. घशाला कुठला रुमाल?"

तेव्हा माझा घास अडकायला लागला होता. भीतीपोटी घरीही बोललो नव्हतो. पोळीचा तुकडा पाण्याने ढकलताना तिने पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी मला दुर्बिणीच्या तपासणीला नेलं. अहवाल आला. कॅन्सर नव्हता, नळीच्या अस्तराला सूज होती, जखमा होत्या. परतताना रिक्षात ताईने समजावलं. पेशींवर रिसेप्टर असतात, प्रतिकारशक्तीचे पहारेकरीच म्हण. जंतू आला, इजा झाली की ते हाक देतात, सूज येते, दुरुस्ती होते. पण रोजच भाजत राहिलं तर हाक थांबत नाही, सूज मुरते, आणि सततच्या दुरुस्तीत एखादी पेशी बिघडू शकते. मग तीच सूज त्या बिघडलेल्या पेशीला पोसायला लागते. "सगळं आम्हालाही अजून कळलेलं नाही," ती म्हणाली, "पण हे पहारेकरी अगदी तुझ्यासारखे. ओरडणं थांबलं नाही की घरच्यांचेच हाल."

रिक्षावाला हसला. मी भडकलो. मग माझ्या पद्धतीने सुरू झालो. "सकाळचा एक तरी उकळता?"

"नाही."

"बरं, फक्त रविवारी."

"दामू, हा भांडीबाजार नाही."

दुसऱ्या दिवशी ती चिनी मातीची कपबशी घेऊन आली. समोरच्या दुकानातून, त्याने सांगितला तो भाव देऊन! भावही केला नाही! मी सगळ्यांदेखत ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "तुझ्याकडे बशी मिळते का?" मिळत नव्हती. याचा राग मी आजही सोडलेला नाही.

पण त्या बशीतला चहा निवेपर्यंत आम्ही रोज गप्पा मारल्या. पंचवटीच्या, तिच्या प्रयोगशाळेच्या, माझ्या हातगाडीच्या. औषधं झाली, पुढच्या तपासणीत अस्तर भरून आलेलं दिसलं. घास आता सरळ उतरतो.

आज अडवणारं कुणी नाही. चहा येतो, वाफाळता. मी तो बशीत ओततो आणि थांबतो… समोरचा दुकानदार गल्ल्यावरून हात करतो. पूर्वी मी बघायचोही नाही, आता मीही करतो. एवढ्या वर्षांत त्याच्या कपबशीचा साधा टवका उडालेला नाही. माल चांगला आहे. ताईने भाव करायला हवा होता, एवढंच.