क्रूसाची चिंबोरी

गोराईच्या ब्रिजितचा नवरा सेबॅस्टियन, सगळ्यांचा सॅबी, गेला, असं तिच्या तोंडावर म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती. त्याची होडी सापडली होती. नांगर टाकलेला, इंजिन धड, जेवणाचा डबासुद्धा न उघडलेला. फक्त सॅबी नव्हता. तेव्हापासून दर इस्टरला ब्रिजित त्याच्या नावाने मिस्सा घालायची. चर्चच्या ऑफिसातला डॉमनिक रीतीप्रमाणे विचारी, "जिवंतांसाठी की मयतांसाठी?" ती ठासून सांगे, "जिवंतांसाठी. तब्येत बरी राहू दे म्हणून." डॉमनिक मान वर न करता लिहून घेई.

यंदा मात्र तिच्या विकीचं लग्न ठरत होतं. पोरीकडच्यांचं म्हणणं सरळ होतं. पत्रिकेत बापाच्या नावाआधी 'कै.' छापायचं की नाही, तेवढं सांगा. विकी आईपाशी बसून म्हणाला, "मम्मी, यंदा मयतांची मिस्सा घाल. एकदा तुझ्या तोंडून निघू दे ना यार. नाहीतर हे लग्न राहिलंच समज."

ब्रिजितने टोपली उचलली, खाडी ओलांडली आणि बोरीवलीच्या बाजारात आपल्या जागेवर जाऊन बसली.

शेजारी मालवणची सुगंधा बसते. दोघींची मैत्री भांडणातूनच पिकलेली. त्या दिवशी एक काका चिंबोऱ्या घेण्याआधी खेकडा न् खेकडा दाबून बघत होते. सुगंधा ओरडली, "ओ काका, पुनव इली, आता कुर्ल्या रिकाम्याच. मांस खावचा तर अवसेक येवा!" आणि काका गेल्यावर आवाज उतरवून म्हणाली, "गो ब्रिजित, सून येतली घरात. आता तरी सोड त्येका."

"मी कुठं धरलंय?"

"मगे रोज त्येचा ताट कित्या वाढतंस?"

ब्रिजितने पापलेटांवर पाणी शिंपडलं. ओल्या झालेल्यांवरही पुन्हा शिंपडलं.

गोराईत गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, सगळी जाळी वर येतात. इस्टर होईपर्यंत समुद्रातून काही काढायचं नाही, हा वाडवडिलांपासूनचा नेम. पण लग्नाच्या गडबडीत विकी खाडीच्या तोंडाशी लावलेलं जाळं काढायचंच विसरला. गुड फ्रायडेच्या दुपारी, लोक क्रूसाच्या वाटेची प्रार्थना करत असताना, तो ते गुपचूप ओढून घरी आला.

"नासवलंस ना सगळं?" ब्रिजित कडाडली. "आजच्या दिवशी?"

"टाकलं नाय मम्मी, काढलं फक्त. ठेवलं असतं तर आणखी जीव अडकून मेले असते."

जाळ्यात एकच जीव होता. मोठी चिंबोरी, आणि तिच्या पाठीवर लालसर तपकिरी रंगात पांढरा क्रूस, कुणी कुंचल्याने काढावा तसा. असली चिंबोरी सॅबीने कधी विकली नव्हती की कापली नव्हती. मिळाली की पाण्यात परत. म्हणायचा, "बाय, एका संताचा क्रूस वादळात समुद्रात पडलेला, तो हिनंच आणून दिला. समुद्रानं नेलेलं ही परत आणते."

विकी सोडायला निघाला. ब्रिजितने त्याच्या हातातून ती घेतली. "आज गुड फ्रायडे, समुद्राला हातच लावायचा नाय. उद्या सोडू." कारण खरं होतं, पण तेवढंच नव्हतं, हे तिचं तिला माहीत होतं. खाडीचं पाणी ॲल्युमिनियमच्या टोपात भरून तिने चिंबोरी आत ठेवली, अंगावर कौलाचा तुकडा सावलीला टाकला, आणि टोपाच्या काठाशी तोंड नेऊन हळूच विचारलं, "काय आणलंस? दाखव."

संध्याकाळपर्यंत टोपातून खरवड ऐकू येत होती. खर्र, खर्र. इस्टरच्या आधी सॅबी होडी उलटी करून तळाला चिकटलेली कालवं खरवडायचा, अगदी तसा आवाज. ब्रिजितने रोझरी हातात घेतली, पण प्रत्येक 'नमो मरिये'च्या मध्ये तो आवाज येई. ती दोनदा अंगणात जाऊन आली. सॅबीची होडी जागच्या जागी, सुकलेली. विकी म्हणाला, "चिंबोरी आहे गं ती." "मला काय सांगतोस," ती म्हणाली, आणि तरी तिसऱ्यांदा गेली. मग कधीतरी आवाज थांबला. थांबला तेव्हा घर आणखी भरल्यासारखं वाटलं, जसं कुणी आत येऊन उभं राहिलंय आणि बोलत नाही.

सकाळी चिंबोरी पाण्यावर पडली होती. पाय सैल, नांग्या सैल, क्रूस वर. ब्रिजितने विचारलं होतं, उत्तर मिळालं. मग तिने ती फेकायला उचलली, आणि हाताला वजनच लागलं नाही.

जन्म मासळीत गेलेली बाई. तरी त्या घटकेला तिला कळायला वेळ लागला. पाठीकडून कवच उघडं होतं. डोळ्यांवरची टरफलं, नांग्यांचे दात, पायांची टोकंसुद्धा जिथल्या तिथे, पाठीवरचा क्रूसही. फक्त आत कुणी नव्हतं, सॅबीच्या होडीसारखं. तिने कौलाचा तुकडा हलवला. खाली चिंबोरी बसली होती, कात टाकलेली, लोण्यासारखी मऊ, आधीपेक्षा मोठी, पाठीवर तोच क्रूस ओलाकच्च. ब्रिजितचा हात तिच्याकडे गेला आणि मागे आला. आता धरलं तर मोडेल.

"मम्मी, सोडून येऊ?" विकीने दारातून विचारलं.

"थांब. मऊ आहे, मासे फाडतील. पाठ कडक होऊ दे, मग सोड." हातातलं कवच तिने खाली ठेवलं आणि पदराने बोटं पुसली. "बाइक काढ. चर्चचं ऑफिस बंद होईल."

डॉमनिकने तिला पाहिल्याबरोबर लिहायला घेतलं. "सेबॅस्टियन. जिवंतांसाठी, तब्येतीसाठी. हो ना?"

"विचार की रे. दरवर्षी विचारतोस."

त्याने मान वर केली. "जिवंतांसाठी की मयतांसाठी, ब्रिजितबाय?"

"मयतांसाठी," ती म्हणाली. "त्याच्या आत्म्याला."

डॉमनिकने पेन खाली ठेवलं, कपाळावर क्रूस केला, आणि मगच लिहिलं.

इस्टरच्या सकाळच्या मिस्सेला चर्च फुलांनी आणि नव्या कपड्यांच्या वासाने भरलं होतं. फादरनी मयतांची नावं घेतली. सेबॅस्टियन म्हटलं आणि ब्रिजितच्या शेजारी विकी एकदम हुंदका देऊन रडला, लहानपणी पडल्यावर रडायचा तसा, तोंड उघडं टाकून. बाप गेल्यापासून त्याने एकदाही डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं. आईने जिवंत म्हटलेल्या माणसासाठी तो कसा रडणार होता? ब्रिजितने त्याचं डोकं खांद्यावर ओढून घेतलं.

तेवढ्यात चर्चचं मागचं दार करकरलं. उशिरा आलेलं कुणीतरी जागा शोधत होतं. चपलांचा आवाज मधल्या वाटेने पुढे आला, तिच्या बाकापाशी जरासा रेंगाळला. ब्रिजितला मान वळवून पाहावंसं फार वाटलं, इतकी वर्षं चपलांच्या प्रत्येक आवाजाला पाहिलं तसं. तिने विकीच्या केसांवर हात ठेवला आणि नजर ऑल्टरवरून हलवली नाही.