जिन्यातली बादली

जमिनीखाली तीन मजले खोल असलेल्या त्या मेट्रो स्टेशनात नवे सुपरवायझर साहेब रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी चोर पकडला. चोर म्हणजे कामचोर: सफाईवाल्या मावशी. सकाळच्या ऐन गर्दीत, दोन जिने मिळतात त्या चौकात मावशींची पिवळी बादली ठाण मांडून बसलेली. फरशी कोरडी ठणठणीत. मावशी खांबाला टेकून उभ्या.

"मावशी, ही बादली इथं कशाला?"

"असू द्या हो साहेब. तिची जागाच आहे ती."

साहेबांचं डोकं फिरलं. शाळेत अभ्यासाची वही पुढ्यात उघडी ठेवून त्यांनी स्वतः याच धर्तीवर चार वर्षं काढली होती, त्यामुळे असली सोंगं ते लांबून ओळखत. दोन मेमो दिले. तिसरा गेला की कंत्राटदार मावशींना घरी बसवणार, आणि घरात कमावत्या त्या एकट्याच. मावशींनी दोन्ही मेमोंवर मुकाट सही केली. बादली मात्र चौकातून काढली नाही.

तिसऱ्या मेमोला पुरावा हवा, म्हणून साहेब कंट्रोल रूममध्ये फुटेज लावून बसले. छतावरून दिसणारा चौक. दोन्ही फलाटांना एकदम गाड्या लागल्या आणि माणसांचा लोंढा वर निघाला. वरून दुसरा लोंढा खाली. आता आदळणार! साहेब खुर्चीत पुढे सरकले. आणि बादलीपाशी येताच सगळे अलगद वळले. चढणारे तिच्या एका अंगानं, उतरणारे दुसऱ्या अंगानं. फोनमधून मान वर न काढता हजारो माणसं गेली. बादलीकडे एकानंही पाहिलं नाही.

साहेबांनी मावशींच्या रजेचा दिवस लावला. त्याच चौकात माणसांची गाठ बसलेली. एक बाई पायऱ्यांवर पडलेली, आणि मागचे ढकलतच होते.

मग साहेब महिन्याभराचं फुटेज बघत बसले. चहा निवून गेला. बादली रोज थोडी इकडे, थोडी तिकडे. सोमवारी मात्र हमखास दोन फरश्या अलीकडे, फलाटांच्या बाजूला.

ते धावतच खाली गेले. "मावशी, सोमवारी अलीकडे का?"

"सोमवारी माणसं अर्धी झोपेत असतात. वळायला वेळ लागतो त्यांना."

"हे कुणी शिकवलं?"

"शिकवतंय कोण? अकरा वर्षं पुसतेय. कोण कुठून जातो ते फरशीवर उमटतंच की."

"अहो, मग मला सांगायचं नाही का? नोकरी गेली असती तुमची!"

"सांगितलं असतं तर हसला असता. खरं बोला."

साहेब खरं बोलायच्या भानगडीत पडले नाहीत. तिसरा मेमो बाजूला सारून त्यांनी वरिष्ठांना पत्र लिहिलं, आणि मोठ्या ऐटीत वाचून दाखवलं: सदर जागी स्टीलचा पक्का कठडा बसवावा.

"कठडा?" मावशींनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. "आणि संध्याकाळी गर्दी उलटी फिरली की तो उचलून पलीकडे कोण ठेवणार? तुम्ही?"

साहेबांनी कठडा खोडला. ‘जागा रोज मावशी ठरवतील’ असं लिहिलं, आणि खाली जबाबदार अधिकारी म्हणून स्वतःची सही केली.