माझ्या डेंड्रोबियमचा हिवाळा

वहिनीचं ऑर्किड फुललं आणि माझी भूक गेली.

तोपर्यंत फुलचूरच्या आमच्या घरात बाग म्हणजे मी, असं ठरलेलं होतं. मी फारशी बोलत नाही. ("स्पीक अप, स्पीक अप" म्हणून शाळेतल्या बाईंचा घसा बसला, माझा काही सुटला नाही.) शाळा इंग्रजी, घर मराठी, बाजार हिंदी. आज कुठल्या भाषेत गप्प बसावं, एवढाच माझ्यापुढे प्रश्न असायचा. पण आमच्या पोर्चमध्ये, दाराशेजारी, एक लोखंडी स्टूल आहे. जे झाड फुललं असेल ते त्या स्टुलावर, असा आईचा कायदा. पाहुणे चपला काढता काढता विचारायचे, "अरे वा, कोणी लावलं?" आई म्हणायची, "आमच्या पोरीनं." तेवढ्यात मी पाण्याचा ट्रे घेऊन यायचे आणि एक शब्द न बोलता माझं कौतुक होऊन जायचं. शेवंती, गुलाब, जरबेरा, सगळ्यांनी तिथे बसून माझ्या वतीने बोलायचं काम केलंय.

मग दादाचं लग्न झालं. नागपूरहून वहिनी आली ती मांडीवर कुंडी घेऊनच. फॅलेनॉप्सिस ऑर्किड! वाकलेल्या दांडीवर पांढरी फुलं अशी ओळीने बसलेली, जणू फोटो काढायला आलीत. आईने माझा जरबेरा स्टुलावरून उचलला आणि नळाजवळ ठेवला. स्वतःच्या हाताने!

"किती दिवस टिकते हे?" आईने विचारलं.

"दोन-तीन महिने आरामात, आई."

मला वाटलं, नवी नवरी आहे, सांगते आहे जरा वाढवून. पण लागलं ना टिकायला! माझा गुलाब चार दिवसांत मान टाकतो. हे फूल मात्र सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं जागचं हलेना. होळी झाली, पाडवा झाला, तरी तेच फूल आणि तोच तोरा. शेवटी उन्हं तापल्यावर एकेक पाकळी गळायला लागली, तेव्हा मी जेवताना एक पोळी जास्त मागून घेतली. पण वहिनीने ती दांडी मुळापासून कापलीच नाही. एका गाठीच्या वर कात्री लावली, आणि पावसाळ्यात त्या गाठीतून फाटा फुटून पुन्हा फुलं! एकाच दांडीवर दोनदा! हावरटपणाला काही मर्यादा?

(वहिनी माझ्याहून मोठी, स्वभावाने गोड, आणि तरी मला "ताई" म्हणते. हेवा करायला इतकी गैरसोयीची बाई दुसरी सापडणार नाही.)

मधल्या काळात चोरखमारा गावाकडचा मामा एक आंब्याची फांदी घेऊन आला. वादळात पडली होती आणि तिला जाड पानांचं काहीतरी चिकटलं होतं.

"बांडगूळ असंन त फेकून देजो वो," मामा आईला म्हणाला. "मले वेगळंच दिसलं, म्हणून आणलं."

बाबांनी ती फांदी सुतळीने अंगणातल्या जांभळाला बांधली आणि सगळे विसरले. कुंडी नाही, खत नाही, मुळं हवेत लोंबताहेत. जूनमध्ये त्याच्यावर तपकिरी नक्षीची, निळसर ओठांची फुलं आली आणि अंगणभर वास सुटला! वहिनी टाळ्या वाजवत आली. "ताई, हा तर वांडा, रानातलं ऑर्किड! याला फक्त ऊन पाहिजे, मग स्वतःच फुलते." म्हणजे आता घरात फॅलेनॉप्सिस फुलत होतं, मामाचं बांडगूळ फुलत होतं, आणि मीच तेवढी नळाजवळ होते.

मी तडक नर्सरीत जाऊन डेंड्रोबियम नावाचं ऑर्किड आणलं. "मॅडम, गुच्छे में आता है, पूरी डंडी भर जाएगी," नर्सरीवाला म्हणाला. मी डोळे मिटले. मला दिसलं: जानेवारी, आमच्याकडचं संक्रांतीचं हळदीकुंकू, साऱ्या फुलचूरच्या बायका पोर्चमध्ये, आणि स्टुलावर पूरी डंडी भरलेलं माझं डेंड्रोबियम. वहिनीचं फॅलेनॉप्सिस मागे, वॉशिंग मशीनवर.

दिवाळीनंतर वहिनीच्या कुंडीत नवी दांडी डोकावली. त्याच आठवड्यात माझ्या डेंड्रोबियमची पानं पिवळी पडून गळायला लागली. उरल्या नुसत्या काड्या. वाळक्या शेवग्याच्या शेंगा कुणी कुंडीत खोचून ठेवाव्यात तशा!

"ताई, आता याला पाणी देऊ नका," वहिनी म्हणाली. "याची सवयच आहे अशी. थंडीत उपाशी राहते, बाहेर गारठ्यात राहते, मग उघड्या काड्यांवर फुलते."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, वा गं वा! तुझ्याला रोज सकाळी फवारा, आणि माझ्याला उपास?

दुसऱ्या दिवसापासून मी डेंड्रोबियमचं बाळंतपण सुरू केलं. सकाळी कोमट पाणी. दुपारी तांदळाचं धुवण (आमच्या घरी दोन्ही वेळा भात, धुवणाला तोटा नाही). संध्याकाळी केळीच्या सालींचं पाणी. गोंदियाची थंडी हाडात शिरते, म्हणून अंधार पडायच्या आत कुंडी स्वयंपाकघरात, फ्रिजच्या मागे, जिथे गरम हवा येते तिथे. वरून माझी जुनी शाल.

"काऊन वो, झाडाले सर्दी झाली का?" बाबांनी विचारलं.

"तिले काही बोलू नका," आई म्हणाली. "पोरगी झाडाले जीव लावून राहिली."

आणि डिसेंबरात चमत्कार झाला! काड्यांच्या गाठींवर हिरवे, टपोरे ठिपके आले. एक नाही, दोन नाही, प्रत्येक काडीवर रांगच्या रांग! मी, जिने आजवर जेवताना मीठसुद्धा खुणेने मागितलं, ती ताटावरून ओरडले, "माझ्याला कळ्या आल्या!"

दादाला ठसका लागला. आईने तेवढ्यात फोन उचलला. शेजारच्या बिसेनकाकूंपासून सुरुवात करून तिने अख्खी कॉलनी पालथी घातली. "हो, हो, पोरीनंच लावलं. हळदीकुंकवाले येजा, मंग दाखवतो. डंडी न् डंडी भरून राहिली!"

वहिनी फ्रिजमागे वाकून बराच वेळ पाहत होती. मग हळूच म्हणाली, "ताई, रागावू नका. पण या कळ्या नाहीत."

"मग?"

"पिल्लं आहेत. याला थंडीत खाऊपिऊ घातलं की हे फुलांच्या जागी पिल्लं काढते. नवी झाडं."

काय सांगू, मला किती आनंद झाला! माझ्यावर जळणारं एक तरी माणूस या जगात निघालं होतं. मी त्या दिवशी तांदळाचं धुवण दुप्पट घातलं.

पंधरवड्यात कळ्यांना पानं फुटली. मी स्वतःला समजावलं, आधी पानं येत असतील. मग पानांखालून पांढरी मुळं निघाली. फुलाला मुळं असतात का, हे मी इंटरनेटवर खरोखर शोधलं. (नसतात.)

पण तोवर वेळ निघून गेली होती. हळदीकुंकवाच्या दुपारी आईने फॅलेनॉप्सिस आत नेऊन वॉशिंग मशीनवर ठेवलं आणि माझी कुंडी स्टुलावर. अगदी मी पाहिलं होतं तसंच! फक्त फुलं आत होती आणि बाहेर काड्या. बायका आल्या. दारात थांबल्या. स्टुलाकडे पाहिलं. स्टुलाच्या खाली पाहिलं.

"काय वो," बिसेनकाकूंनी आईला विचारलं, "फूल कोठी आहे?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी ट्रेकडे पाहिलं.

"हे तर मेथीवाणी दिसून राहिलं," मागून कुणीतरी म्हणालं.

मी ट्रे पुढे केला. आणि वहिनी, जिने त्या क्षणी मला उघडं पाडायचं सोडून भलतंच केलं, पुढे होऊन म्हणाली, "काकू, ताईंच्या झाडाला पिल्लं झालीत! एवढी कुणालाच होत नाहीत."

"पिल्लं?"

"अरे, इसको तो बच्चे हो गए!" समोरच्या घरातल्या शर्माभाभी ओरडल्या आणि पोर्चमध्ये एकदम बारशाचं वातावरण झालं. "बघू, बघू!" "किती वो गोड!" "मले एक देजो, पोरी!" "अन् मलेही!" वाण म्हणून आणलेले स्टीलचे डबे पिशवीतच राहिले. मी नको म्हणायला शिकले असते तर? पण प्रत्येकीला मी मान डोलावत गेले, आणि वहिनी कात्रीने एकेक पिल्लू काढून ओल्या कागदात गुंडाळून ओटीत घालत गेली. सगळ्या गेल्या तेव्हा स्टुलावर फक्त कुंडी होती आणि नुसत्या काही काड्या. पाणी पिऊन पिऊन त्याही पुढच्या महिन्यात सडल्या.

बायकांनी ती पिल्लं कुठे नारळाच्या करवंटीत, कुठे फुटक्या माठात, कुठे नळीच्या कौलाच्या तुकड्यावर बांधली आणि विसरून गेल्या. घरात धान, लेकरं, सासवा, पाव्हणे. थंडीत झाडाला पाणी द्यायला कुणाला वेळ आहे? म्हणजे मी सोडून साऱ्या फुलचूरने त्यांना नियमाने उपाशी ठेवलं.

दोन हिवाळे गेले. या फेब्रुवारीत कॉलनीत पाय ठेवायची सोय उरली नाही. शर्माभाभींच्या जिन्यात गुलाबी गुच्छ. कोपऱ्यावरच्या घरी खिडकीच्या गजाला गुच्छ. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उठल्यापासून गुच्छ! पूर्वी मी एकाच बाईवर जळत होते, आपली वहिनीवर. सवयीचं झालं होतं, घरातल्या घरात निभत होतं. आता भाजी आणायला निघाले की घरागणिक जळत जावं लागतं.

परवा बिसेनकाकूंनी मला आणि वहिनीला मुद्दाम बोलावलं. त्यांच्या अंगणात फुटक्या माठातलं माझं पिल्लू डोक्यापासून पायापर्यंत जांभळं झालं होतं. काकूंनी जमलेल्या बायकांसमोर माझा हात धरला.

"या पोरीच्या हाताले भारी गुण आहे बाप्पा! पण एक आहे. तिच्याकडचं जे काही असते, ते दुसऱ्याच्या घरी गेल्यावरच फुलते." त्यांनी आजूबाजूला पाहून डोळा मारला. "आता तूही जा ना वो, कोणाच्या तरी घरी!"

सगळ्या खो खो हसल्या. मी मान खाली घातली.

"पाहा, पाहा, लाजली!" वहिनी म्हणाली.

मी लाजले नव्हते. खाली पाहून मी काकूंच्या माठातली फुलं मोजत होते.