मोरीतलं मिठागर

वडील गेल्यावर आईला आम्ही गिरगावातून भाईंदरला, गोडदेवच्या आमच्या फ्लॅटवर आणलं. नव्वदनंतरची गोष्ट. तिची बॅग पलंगाखाली तशीच बंद. "कपडे कपाटात लाव की," म्हटलं, तर म्हणायची, "असू दे. जायचंच आहे." कुठे, ते सांगायची नाही. गिरगावची खोली तर आम्ही सोडली होती, हे तिलाही ठाऊक होतं.

ती रडली नाही. मीही नाही. घराच्या कानांना दडे बसल्यासारखं झालं होतं. बोललेलं ऐकू यायचं, पण लांबून.

तेरावं झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात. मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. मोरीची लादी गुळगुळीत होती, आई घसरेल, हे निमित्त. दुकानदाराने विचारलं, "खुद लगाओगे, साहब?" म्हटलं, "उसमें क्या है!" ऑफिसात साधी पंचिंग मशीन मला धड चालवता येत नव्हती.

रविवारी जुनी लादी फोडली, नवी बसवली. सपाटी बघायची बुडबुड्याची लेव्हल आणली होती. ती प्रत्येक लादीवर उभी-आडवी ठेवून बघितली. बुडबुडा कुठेही ठेवा, बरोबर मध्यभागी. आयुष्यात पहिल्यांदाच माझं काही इतकं सरळ झालं होतं.

सिमेंट वाळल्यावर बायकोने पहिली बादली ओतली. पाणी चारी बाजूंना पसरलं आणि तिथेच थांबलं. दुसरी ओतली, तर उंबरा ओलांडून पॅसेजमध्ये आलं. जाळीकडे मात्र थेंब जाईना.

"अहो, हे जात का नाही?"

"जाईल. नवीन आहे."

शेजारचे काका बघायला आले. गोडदेवचेच जुने रहिवासी, बापजाद्यांची मिठागरं होती त्यांची. वाकून बघितलं आणि म्हणाले, "आवं सायेब, ही मोरी न्हाय, मिठागर हाय! वरून जरा ऊन आना, मीठ काढू."

बायको हसली. मीही हसलो, म्हणजे तोंड तसं केलं. मागे आई उभी होती.

"मोरीला ढाळ लागतो रे," ती म्हणाली. "इतकं सरळ करतात का कधी?"

आल्यापासूनचं तिचं हे सर्वांत लांब बोलणं.

मग ती आत गेली. पलंगाखालून बॅग ओढल्याचा आवाज आला. आता निघालीच, असं मला वाटलं. ती परत आली ती वडिलांचं बनियन हातात घेऊन. तेराव्याला कपडे वाटले, तेव्हा तिने बनियनं कुणाला दिली नव्हती.

"आई, बाबांचं आहे ते," बायको हळूच म्हणाली.

"सुती आहे. पाणी चांगलं ओढतं."

खाली बसून तिने पाणी टिपलं, जाळीवर पिळलं, परत टिपलं. मी नुसता बघत होतो. काहीतरी वाटायला हवं होतं.

"फोडून परत करतो," मी म्हटलं. "ढाळ देऊन."

"नको. रोज पुसावं लागेल, एवढंच."

रोज म्हणाली. मी छिन्नी-हातोडी माळ्यावर टाकली.