आटपाडीच्या माळावर दोन पिल्लांचं वय

निघालो औंधला आणि पोचलो आटपाडीला, असं आमचं नेहमीचंच. माझी मावसबहीण मीना वन्यप्राण्यांची डॉक्टर आहे, त्यामुळे तिच्यासोबतच्या सुट्टीचा काही भरवसा नसतो.

साताऱ्याहून सकाळीच गाडी काढली. औंधला यमाईचा डोंगर चढून वर टेकतोय तोच मीनाला वनरक्षकाचा फोन आला. आटपाडीजवळ शेततळं खोदताना लांडग्याचं बीळ मोडलं होतं. मादी पळाली होती आणि दोन पिल्लं एका मेंढपाळाच्या घरी होती. देवीला हात जोडले आणि मायणीमार्गे सुटलो. रस्ता चांगला आहे, फक्त माळावरचा शेवटचा कच्चा तुकडा लहान गाडीचा अंत पाहतो. आटपाडीत आधी जेवून घ्या. बाजरीची भाकरी, झुणका, ठेचा; दोघींचं अडीचशेत भागलं.

मेंढपाळाच्या बायकोनं, पारूबाईंनी, पिल्लं कोकरं झाकायच्या डालग्याखाली जपून ठेवली होती.

"आवं डाक्टरीणबाई, लय बारकी हायती. जगत्याल न्हवं?"

सगळं वयावर अडलं होतं. फारच कोवळी असतील तर माळावरची थंडी सोसणार नाहीत. मग पुण्याच्या प्राणी-अनाथालयात न्यायचं आणि जन्मभर पिंजरा. जरा मोठी असतील तर आजच बिळाशी ठेवायची, आई शोधत येते.

मीनानं एकेक पिल्लू फडक्यात घालून काट्याला लावलं. वजन अगदीच कमी भरलं.

"मग पुण्यालाच न्यायला पायजेत, म्याडम," वनरक्षक म्हणाला.

मीना ऐकेना. तिनं नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत टेप लावली, मागचा पंजा मोजला, ओठ उचलून दात पाहिले. "वजनाचं काय घेऊन बसलात? उपाशी आहेत ती. भुकेनं वजन उतरतं, लांबी नाही. आणि दात बघा, आलेत. तीन आठवडे उलटलेत यांना. इथेच ठेवू."

काय तो ठामपणा! मला बहिणीचा भयंकर अभिमान वाटला. पण अंदाज चुकला तर सकाळी तिथे दोन गारठलेली पिल्लं सापडणार होती.

ऊन उतरल्यावर मोडक्या बिळाशी पिल्लं ठेवून आम्ही लांब बांधाआड बसलो. मादी आली. एक तोंडात धरलं आणि गेली. दुसरं कुईकुई करत राहिलं. पारूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. समोरचं दिसेनासं व्हायच्या बेतात मादी परत आली आणि तेही घेऊन गेली. मीना रडली, मीही रडले.

घरी आल्यावर आल्यागेल्याला हीच गोष्ट सांगत होते. यमाईचे फोटो कुणाला दाखवायचेही राहून गेले. मग एके दिवशी मीना माझ्याकडे आली असताना पारूबाईंचा फोन आला. त्यांचं एक कोकरू गेलं होतं. त्या मादीनंच नेलं असणार. मीना पार ओशाळली आणि घाईघाईनं भरपाईचा अर्ज कसा करायचा ते सांगू लागली.

पारूबाई तिकडून हसल्या. "आवं, आसू द्या. आमच्या कळपात लांडग्याचा वाटा आसतोयच. आन् तिनं खाल्लं न्हाई, तर पिल्लास्नी पाजंल काय?"